फाल्गुन-चैत्रातला परस: काचेशी भांडणारा शिंजीर, बुलबुलाचे घरटे आणि नोंदवहीबद्दल काही शंका

प्रश्न: माचीवरची, सातारा

नमस्कार. आमचे घर साताऱ्यातील जुन्या वस्तीत असून मागे बऱ्यापैकी मोठा परस आहे. त्यात शेवगा, लिंबू, कढीपत्ता, जास्वंदी, मांडवावर चढवलेला जाईचा वेल आणि भिंतीलगत एक जुना, निम्मा वाळलेला पांगारा आहे. यंदा होळीनंतर मी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसू लागले आहे. नेहमीचे पक्षी मला ओळखता येतात. साळुंकी, बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट, होला यांची नावे सांगायला आता पुस्तक लागत नाही. अडचण अशी आहे की डोळ्यांसमोर जे चालले आहे त्याचा अर्थ लागत नाही, आणि काही ठिकाणी आपण मध्ये पडावे की नाही हेही ठरवता येत नाही. म्हणून जाणकारांना विचारते.

पहिली शंका जांभळ्या शिंजिराची. ऊन पडायच्या सुमारास नर स्वयंपाकघराच्या खिडकीशी येतो, गजावर बसतो आणि काचेवर चोचीने टकटक करत राहतो. मध्येच उडून शेवग्यावर जातो, दोन फुले पाहतो आणि पुन्हा खिडकीवर परततो. त्याला घरात यायचे आहे का, त्याला भूक लागली आहे का, की तो आजारी आहे, हे कळत नाही.

दुसरी शंका अधिक काळजीची आहे. जाईच्या मांडवात, हात वर केला तर पोहोचेल इतक्या उंचीवर, बुलबुलाने घरटे केले असून त्यात तीन अंडी आहेत. त्याच मांडवाखाली एक भारद्वाज रोज सकाळी पाचोळा उलथत फिरतो आणि खारींची ये-जा तर दिवसभर असते. माझ्या मुलांचे म्हणणे आहे की भारद्वाजाला हाकलावे आणि घरट्याभोवती जाळी बांधावी. सासरे म्हणतात की सकाळी भारद्वाजाचे दर्शन होणे शुभ असते आणि दारी आलेल्याला कोणी हाकलत नाही. दोन्ही बाजूंना मी चहा देते, निर्णय मात्र देऊ शकत नाही.

शेवटी, या सगळ्याची नोंद ठेवायची झाल्यास ती कशी ठेवावी? केवळ नावांची यादी लिहिली तर रोज तीच यादी होते.

उत्तर: तांबट, पुणे

आपला शिंजीर आजारी नाही आणि भुकेलाही नाही. तो भांडतो आहे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या हंगामात आपल्या जागेत दुसरा नर खपवून घेत नाही, आणि सकाळी बाहेर उजेड व आत अंधार असला की खिडकीच्या काचेचा आरसा होतो. त्या आरशात त्याला नेमका त्याच्यासारखाच काळाभोर, निळ्या-जांभळ्या चकाकीचा नर दिसतो. हा नर धमकीला घाबरून पळत नाही, उलट प्रत्येक चोचीला चोचीने उत्तर देतो, म्हणून भांडण संपतच नाही. जवळून पाहिलेत तर या वेळी त्याच्या पंखांच्या मुळाशी, एरवी झाकलेला असणारा, पिवळ्या-केशरी पिसांचा झुबका बाहेर काढलेला दिसेल. तो झुबका दिसला की समजावे, स्वारी लढाईच्या किंवा प्रणयाच्या आवेशात आहे.

यात त्याला सहसा मोठी इजा होत नाही. वेगाने उडत येऊन काचेवर आदळणे ही निराळी आणि खरोखर जीवघेणी गोष्ट आहे; हे तसे नव्हे. पण सकाळचा जो वेळ मध आणि कोळी शोधण्यात जायचा तो वाया जातो, आणि हंगाम चालू असेपर्यंत हा प्रकार कित्येक आठवडे चालू शकतो. उपाय एकच, काचेतले प्रतिबिंब घालवायचे, आणि तेही बाहेरच्या अंगाने. वर्तमानपत्र, जुनी साडी किंवा साबणाच्या पाण्याचा पट्टा काचेच्या बाहेरच्या बाजूस लावावा. आतून गडद पडदा ओढल्यास काचेमागचा अंधार वाढतो आणि प्रतिबिंब अधिकच स्पष्ट होते, त्यामुळे तसे करू नये.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. खिडकीवर येणारा पक्षी प्रत्येक वेळी नरच असतो का? मादी वरून मातकट-हिरवट आणि खालून फिकट पिवळी असते, आणि तीही खिडकीशी येते, पण तिचे काम अगदी वेगळे असते. ती काचेच्या मध्यभागी न जाता चौकटीच्या कोपऱ्यात पंख फडफडवत हवेत क्षणभर स्थिर होते आणि चोचीने कोळिष्टक ओढते. ते ती घरट्यासाठी नेते. शिंजिराचे लोंबते घरटे कोळ्याच्या धाग्यांनीच बांधलेले असते. त्यात गवत, सालीचे कपचे, अळ्यांची वाळलेली विष्ठा असा कचरा गुंतवलेला असतो, त्यामुळे ते फांदीला अडकलेल्या केरासारखेच दिसते. दाराच्या वर छोटीशी पडवी काढलेली असते. हे सारे बांधकाम मादी एकटी करते आणि नर शेजारच्या फांदीवर बसून गातो. घरट्याला जागाही बऱ्याचदा माणसाच्या वावराजवळची निवडली जाते, उदाहरणार्थ कपडे वाळत घालायची दोरी, व्हरांड्यातली तार किंवा कुंडीतल्या झाडाची लवलवती फांदी. तेव्हा गुढीपाडव्याच्या साफसफाईत मागच्या बाजूची जळमटे काढायची राहिली तरी चालेल, किंबहुना राहू द्यावीत.

भारद्वाजाबद्दल माझे मत मुलांच्या बाजूने आहे. जाळी बांधू नये, पण तो मांडवाकडे वळला की उठून उभे राहावे किंवा टाळी वाजवावी. तेवढ्याने तो निघून जातो आणि कोणाचे काही बिघडत नाही.

उत्तर: आगरातून, गुहागर

शिंजिराविषयी वर जे लिहिले आहे ते सर्व पटले, टाळीचा सल्ला मात्र पटला नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो.

भारद्वाज उडण्यात मंद आणि चालण्यात तरबेज असा पक्षी आहे. तो जमिनीवरून, झुडपांच्या बुंध्यातून, वेलीत चढत-उतरत भक्ष्य शोधतो. मोठे नाकतोडे, सुरवंट, गोगलगाई, सरडे, उंदरांची पिले आणि त्याचबरोबर इतर पक्ष्यांची अंडी व पिले हा त्याचा आहार आहे. म्हणजे आपल्या मांडवाखाली तो पाचोळा उलथतो तेव्हा त्याच्या मनात बुलबुल असतोच असे नाही, पण घरटे नजरेस पडले तर तो ते सोडणार नाही, हेही खरे. आता टाळी वाजवून आपण त्याला सकाळी अर्धा तास दूर ठेवाल. उरलेल्या दिवसाचे काय? आणि तो गेला तरी खार आहे, कावळा आहे, सरडा आहे, रात्री मांजर आहे. खार आपल्याला शेंगदाणे खाणारी गरीब प्राणी वाटते, पण अंडी मिळाली तर तीही खाते. बुलबुलाची अनेक घरटी याच कारणाने फुकट जातात आणि ती जोडी थोड्याच दिवसांत दुसरीकडे नवे घरटे बांधू लागते. त्या जोडीचा सारा संसारच या हिशेबावर उभा आहे.

शिवाय टाळी ऐकून भारद्वाजच उठेल, बुलबुल उठणार नाही, असे कसे म्हणता येईल? उन्हे चढल्यावर मादी अंड्यांवरून वारंवार उठली तर अंडी तापतात आणि पहाटे उठली तर गार पडतात. माझ्या पाहण्यात घरट्याला सर्वांत जास्त त्रास माणसाच्या कौतुकाचाच होतो. रोज स्टूल लावून आत डोकावणे, मोबाईल वर धरून छायाचित्र घेणे, पाहुण्यांना दाखवणे यामुळे पक्षी तर उठतोच, पण वेलीची पाने बाजूला सारली जाऊन घरटे उघडे पडते. कावळा भिंतीवर बसून हे सगळे पाहत असतो. अंडी तीन आहेत हे एकदा कळले, आता पुन्हा मोजू नयेत.

जाळीबद्दल तर स्पष्टच सांगतो की बांधू नये. बारीक नायलॉनच्या जाळीत पक्ष्यांचे पाय आणि पंख अडकतात, धामणीसारखा निरुपद्रवी साप अडकून मरतो, आणि एका रात्रीत घरट्याचे स्वरूप बदललेले पाहून जोडी अंडी सोडून जाऊ शकते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणे हेही येते, हे मुलांना जरूर सांगावे. धाक घालण्यासाठी नव्हे; घरटे आपल्या मांडवात असले तरी आपल्या मालकीचे नसते, एवढे त्यांना कळावे म्हणून.

मग करायचे काय, तर जाईची छाटणी पुढे ढकलायची, मांडवाखाली धुणे वाळत घालणे थोडे दिवस बंद ठेवायचे, आणि आपली बसायची पायरी दहा-पंधरा पावले लांब असेल तर तेथूनच पाहायचे. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि पिले घरटे सोडायला त्याहून थोडे कमी. पिले बाहेर पडतात तेव्हा त्यांना नीट उडता येत नसते. ती कुंडीच्या आडोशाला, कधी थेट जमिनीवर बसलेली सापडतात आणि लोक त्यांना अनाथ समजून खोक्यात घालतात. आई-वडील जवळच असतात आणि खाऊ आणून देत असतात. पिलू अगदीच वाटेत असेल तर हलकेच उचलून जवळच्या झुडपात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिलाला टाकून देतात ही समजूत खरी नाही. त्या चार-पाच दिवसांत मांजराला तेवढे परसातून बाहेर ठेवावे. मांजर हा आपल्या बाजूने आलेला पाहुणा आहे, भारद्वाज तसा नाही, इतकाच फरक मी करतो.

आपल्या सासऱ्यांचे कारण निराळे असले तरी निर्णय त्यांचाच बरोबर आहे.

उत्तर: टिपणवही, कोल्हापूर

नोंदवहीचा प्रश्न वादात मागे पडला, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते.

रोज तीच यादी होते, कारण आपण नाव लिहून थांबता. नावाच्या पुढे क्रियापद लिहायला लागा. ‘दयाळ’ एवढे न लिहिता ‘दयाळ नर, शेजारच्या टाकीवर, पावणेसात, सलग गात होता; मादी खाली ओलसर मातीत किडे टिपत होती’ असे लिहिले की दुसऱ्या दिवशीची नोंद आपोआप वेगळी होते. दयाळ थंडीत बहुधा गप्प असतो आणि उन्हाळा लागताच गाऊ लागतो. तो कोणत्या तारखेला पहिल्यांदा नीट गायला, कोणत्या उंच जागेवरून गायला, आणि भिंतीतल्या कोणत्या भोकात काडी नेताना दिसला, हे तीन मुद्दे लिहून ठेवलेत तर त्याच्या हंगामाची कहाणी वहीत उतरते. मार्चच्या मध्यात आपल्याकडे पावणेसातच्या आसपास सूर्य उगवतो. त्याआधीचा अर्धा तास ऐकण्याचा आणि नंतरचा तास पाहण्याचा असे वाटून घेतले तर सोयीचे पडते. दुर्बीण घ्यायची असल्यास आठ पट मोठे दाखवणारी पुरे. फक्त ती दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते का, हे दुकानातच पाहून घ्यावे, कारण परसात पक्षी लांब नसतात, फार जवळ असतात.

आपल्याकडे वाळका पांगारा आहे हे वाचून मला खरे तर हेवा वाटला. तो तोडू नका. तांबटाला घरट्याचे बीळ कोरायला अशीच मऊ, मेलेली फांदी लागते आणि बीळ तो बहुतेक फांदीच्या खालच्या अंगाला पाडतो, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरत नाही. सकाळी पहिले ऊन शेंड्यावर आले की तांबट पाने नसलेल्या फांदीवर पिसे फुलवून ऊन खात बसलेला सापडेल. त्या वेळी त्याच्या गळ्याकडे पाहावे. तो ‘टुक टुक’ करतो तेव्हा चोच मिटलेली असते. प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते आणि मान थोडी फिरते, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो आणि पक्षी शोधणाऱ्याची फसगत होते. हे एकदा शांतपणे पाहून झाले की पुढच्या पानभर नोंदीचा प्रश्न मिटतो.

पांगाऱ्याच्या जिवंत बाजूला फुले असतील तर भोरड्यांचीही नोंद ठेवावी. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून येतात, पांगारा आणि सावर यांच्या मधावर गलका करतात आणि एप्रिलमध्ये परत निघतात. त्या पहिल्यांदा कधी दिसल्या हे सगळे लिहितात, शेवटच्या कधी दिसल्या हे कोणीच लिहीत नाही, कारण शेवटचा दिवस त्या दिवशी कळत नाही. रोजची वही असेल तरच तो मागाहून सापडतो. कोकिळेचेही तसेच आहे. काळा नर ‘कुहू’ करतो, ठिपक्यांची मादी ‘किक किक किक’ असा भरभर आवाज करत पळते, आणि तिच्यामागे कावळे लागलेले असतील तर कावळ्याचे घरटे जवळपास आहे असे समजावे.

वहीतील नोंदी ईबर्ड या संकेतस्थळावर भरल्यास त्या अभ्यासकांच्याही उपयोगी पडतात. किमान १५ मिनिटे एका जागी थांबून दिसलेले सर्व पक्षी नोंदवणे ही पद्धत फेब्रुवारीतील ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या उपक्रमात वापरली जाते. ती रोजच्या बसण्यालाही चांगली लागू पडते, कारण साळुंकीसारख्या रोजच्या पक्ष्याला वगळायची आपली खोड त्यामुळे मोडते. क्रियापदे मात्र तिथे मावत नाहीत, त्यासाठी कागदाची वही हवीच.

भारद्वाजाच्या वादात एवढेच म्हणेन की त्याला हाकलण्याऐवजी तो मांडवाजवळ आला की इतर पक्षी काय करतात ते पाहावे. बुलबुल ओरडतो, ते ऐकून शिंपी आणि दयाळ येतात, खार शेपटी झटकत ‘चिक चिक’ लावते, आणि सगळी आळी त्या एका पक्ष्याभोवती गोळा होते. हा गोंगाट ओळखता आला की डोळे मिटूनही परसात कोण शिरले ते कळू लागते. टाळी वाजवली तर हे सगळे बंद पडते.

प्रश्नकर्तीचे निवेदन: माचीवरची, सातारा

सर्वांचे मनापासून आभार. खिडकीला बाहेरून कागद चिकटवला आणि शिंजिराने खिडकी सोडली, परंतु तो आता यजमानांच्या स्कूटरच्या आरशावर जाऊन बसला आहे. वरच्या कोपऱ्यात येणारा पक्षी मादीच असल्याचे काल लक्षात आले. ती जळमटाचा धागा ओढून दोरीच्या टोकाकडे गेली. मुलांना मांडवाखाली जायची बंदी केली आहे आणि भारद्वाजाला मोकळीक आहे. सासऱ्यांनी वरचे उत्तर दोनदा वाचायला लावले.

आता एक लहानसा प्रश्न उरला आहे. लिंबाच्या पानांवर पक्ष्यांच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे काहीतरी दिसते आणि ते हळूहळू सरकते. काही ठिकाणी कोवळा पाला पूर्ण संपला आहे. शेजारी औषध मारण्याचा आग्रह करत आहेत. शिंपी पक्षी त्या झाडाकडे सतत फिरकतो, त्यामुळे हात धजावत नाही.

उत्तर: तांबट, पुणे

स्कूटरच्या आरशांना कापडी पिशव्या बांधा. पुण्यात आमच्या सोसायटीत या दिवसांत निम्म्या गाड्या अशाच टोप्या घालून उभ्या असतात.

उत्तर: लिंबोणी, नाशिक

ती फुलपाखराची पिले आहेत, बहुधा लिंबाच्या फुलपाखराची. ‘मॉरमॉन’ जातीच्या फुलपाखरांच्या अळ्याही लिंबू आणि कढीपत्त्यावर अशाच दिसतात. सुरुवातीला अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळपट आणि पांढऱ्या डागाची असते, कारण विष्ठा खायला कोणी चोच घालत नाही. अंगाने मोठी झाली की हे सोंग पुरत नाही, तेव्हा ती कात टाकून पानासारखी हिरवी होते. हिरव्या अळीच्या मानेला गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करून पाहा. डोक्यामागून नारिंगी-लाल रंगाचे दुभंगलेले शिंग झटकन बाहेर येईल आणि कुजक्या लिंबासारखा उग्र वास येईल. काडी दूर केली की ते पुन्हा आत जाईल. मुलांना दाखवावे असे हे आहे आणि त्यासाठी स्टूल लावून वर चढावे लागत नाही.

औषध मारू नये. शिंपीण त्या झाडाकडे उगाच जात नाही. शिंपी किड्यांवरच जगतो, आणि शिंजीर मध पीत असला तरी पिलांना तोही किडे आणि कोळीच भरवतो, त्यामुळे लिंबावर मारलेले औषध शेवटी घरट्यातच पोहोचते. झाड मोठे असेल तर त्याला या अळ्यांचा काही त्रास होत नाही, पावसाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटतेच. रोप गुडघ्याएवढे असेल तर मात्र त्यावर दोन अळ्या राहू द्याव्यात आणि बाकीच्या अळ्या पानासकट तोडून कढीपत्त्यावर सोडाव्यात, त्या तिथेही खातात. अळी एक दिवस खाणे सोडून खाली उतरू लागली किंवा एखाद्या काटकीला धाग्याने टेकून बसली, तर ती कोशात जाण्याच्या तयारीत आहे असे समजावे आणि त्या फांदीला पाणी घालताना नळीचा जोर जरा कमी ठेवावा. या ऋतूत साधारण दहा-बारा दिवसांत कोश रिकामा होतो आणि ते बहुतेक सकाळीच घडते, म्हणजे आपण पायरीवर बसलेल्या असताच.